या चुका टाळा : बीपीची गोळी, प्रोस्टेटची कॅप्सूल आणि मधली सर्दी

रामबागेच्या बाजूला माझं औषधांचं दुकान आहे. बत्तीस वर्षं झाली. सकाळचे पोहे-जलेबी आटोपले की गिऱ्हाईक येतं, काउंटरवर रिकामा पत्ता ठेवतं (पुण्याकडचे त्याला पाकीट म्हणतात, आम्ही इंदूरकर पत्ताच म्हणतो) आणि सांगतं, "हीच द्या." हल्ली पत्ताही नसतो. "ती छोटी गुलाबी." अहो, गुलाबी रंग कंपनीचा असतो, औषधाचा नव्हे. कंपनी बदलली की गुलाबीची पांढरी होते. तेव्हा पत्त्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा, चष्मा लावून.

पण माझं खरं डोकं फिरतं ते सर्दीच्या गोळीवरून.

आमच्या गल्लीतले एक नाना, सत्तरी ओलांडलेले. प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेलं, त्यासाठी रोज टॅमसुलोसिनची कॅप्सूल, शिवाय बीपीची गोळी. दोन्ही नेमाने घेणारा माणूस. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे रात्रभर झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघतात. कापडाच्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या, त्यांच्या झांक्या मात्र अजून निघतात. नातवंडांना झांक्या दाखवायचं कबूल केलेलं आणि नानांचं नाक दुपारपासून वाहतंय. वाटेत एका दुकानातून सर्दीच्या गोळ्या घेतल्या. माझ्याकडे आले नाहीत, कारण मी प्रश्न विचारतो. तिथल्या पोराने "ले लो भिया, एकदम फिट" म्हणून चार गोळ्या हातावर ठेवल्या. एक सहाला घेतली. नाक थांबेना म्हणून नऊला दुसरी.

रात्री एकच्या सुमारास जेल रोडच्या गर्दीत नानांना कळलं की लघवी होतच नाहीये. जावंसं वाटतंय, उभे राहतायत, थेंब नाही. ओटीपोट दगडासारखं. रिक्षा पुढे सरकेना, पुढे झांकी, मागे झांकी. शेवटी मुलाने बोळाबोळातून धरून चालवत नेलं. इस्पितळात नळी घातली तेव्हा जीव भांड्यात पडला. ती नळी पुढे बरेच दिवस राहिली.

झालं काय? सर्दीच्या बहुतेक जोडगोळ्यांत दोन औषधं असतात. एक क्लोरफेनिरामिनसारखं, नाक सुकवणारं. ते मूत्राशयाच्या स्नायूलाही सुस्त करतं. दुसरं फिनाईलएफ्रिन, नाक मोकळं करणारं. ते मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळतं आणि बीपीही चढवू शकतं. आता टॅमसुलोसिन काय करतं? नेमका तोच स्नायू सैल करतं. म्हणजे नाना रोज पैसे मोजून जी कडी काढत होते, तीच त्यांनी दहा रुपयांत लावून घेतली.

तेव्हापासून साठीपुढचा कुणी सर्दीची गोळी मागायला आला की मी पहिलं विचारतो, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" काही जण रागावतात. रागावू देत. मी मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब देतो, वाफ घ्या म्हणतो, आणि गोळीच हवी तर आधी डॉक्टरांना फोन करायला लावतो. खोकल्याच्या पातळ औषधांनाही हेच लागू. त्यात एक गंमत आहे. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू झाल्यावर काही जणांना कोरडा खोकला लागतो. तो त्या बीपीच्या गोळीचा असतो, पण माणूस महिनोन्‌महिने बाटल्या रिचवतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते गोळी बदलून देतात. सांगत कुणी नाही.

दुसरी चूक रात्रीच्या बाथरूममध्ये घडते. बीपीचे डॉक्टर वेगळे, लघवीचे वेगळे, आणि एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही असा जणू नियम. टॅमसुलोसिन रक्तवाहिन्याही थोड्या सैल करतं. बीपीची गोळी आधीच दाब उतरवतेय. सुरुवातीच्या दिवसांत रात्री दोनला माणूस ताडकन उठतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बेसिनवर डोकं आपटतं. उपाशीपोटी कॅप्सूल घेतली तर ती रक्तात जास्त उतरते आणि चक्कर वाढते. म्हणून रोज एकाच ठरावीक जेवणानंतर, अर्ध्या तासाने. जेवण ठरावीक म्हणजे ठरावीक, सराफ्यातल्या खाऊगल्लीतलं रात्री बाराचं खाणं यात धरू नका. उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसा, पाय जमिनीला टेकवा, मिनिट-दोन मिनिटं जाऊ द्या, मग उभे राहा. कॅप्सूल उघडून दुधात टाकायची नाही, चावायची नाही. ती सावकाश विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. आणि गावाला गेलो म्हणून आठवडाभर बंद होती, तर परत आपल्या मनाने सुरू करू नका. पुन्हा पहिल्या दिवसासारखी चक्कर येऊ शकते, डॉक्टरांना विचारून घ्या.

प्राझोसिन नावाची गोळी बीपीलाही देतात आणि ती टॅमसुलोसिनच्याच घराण्यातली. घरच्यांना वाटतं एक बीपीची, एक लघवीची, दोन वेगळ्या. दोघी बहिणी आहेत हो.

याच संदर्भात, जी गोळी लोक माझ्या कानाशी येऊन मागतात, ती सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध. प्रोस्टेटच्या कॅप्सूलबरोबर दाब एकदम पडू शकतो. आणि छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा त्या जातीचं काही चालू असेल तर कधीच नाही, जीव जाऊ शकतो. लाजू नका, डॉक्टरांना विचारा. मी चिठ्ठीशिवाय देत नाही.

एक बाई नवऱ्याला सकाळी नेहमीच्या कंपनीची बीपीची टेल्मिसार्टन ४० देत होत्या आणि संध्याकाळी जनऔषधी केंद्रातली "स्वस्तातली दुसरी". दुसरी कसली, तीही टेल्मिसार्टन ४०. जनऔषधीचं औषध चांगलं आहे, तिथून जरूर घ्या, पण मग जुनी बंद करा.

"बीपी नॉर्मल आलं, गोळी सोडली." नॉर्मल आलं ते गोळीमुळे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन एकदम सोडली तर बीपी आणि ठोके उसळतात. तपासणीच्या दिवशी "खरं बीपी कळावं" म्हणून गोळी न घेणारेही आहेत. डॉक्टर आकडा बघून डोस वाढवतात, दुसऱ्या दिवशी हे वाढलेला डोस इमानाने घेतात आणि चक्कर येते म्हणून माझ्याकडे येतात. मोजायचंच तर आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं टेकून शांत बसा, अर्धा तास चहा-विडी नको.

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन मनाने रोज घेऊ नका, दाब वाढतो आणि किडनीवर ताण येतो. बीपीच्या अॅमलोडिपिनने पाऊल सुजलं तर शेजाऱ्याची पाणी काढायची गोळी नको. विसरलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा नाही.

मिठाचं काय सांगू! शेव सुटत नाही, म्हणून डाळीत लो सोडियम मीठ. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल ही बीपीची औषधंसुद्धा अंगातलं पोटॅशियम वाढवतात. किडनी कमजोर असेल तर हे हृदयाला महागात पडतं. मीठ बदलण्यापेक्षा शेवेची वाटी लहान करा.

प्रोस्टेट आटवणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सुरू झालेले लोक आठव्या दिवशी तक्रार घेऊन येतात. आठ दिवसांत प्रोस्टेट आटत नाही, सहा महिने धरा. पीएसएची (प्रोस्टेटसाठीची रक्ताची) तपासणी करताना ही गोळी चालू आहे हे सांगा, कारण आकडा साधारण निम्मा येतो. घरात सून गरोदर असेल तर तिला तुटलेली गोळी किंवा फुटलेली कॅप्सूल उचलायला सांगू नका.

माझी एक सवय आहे. प्रत्येकाला जुन्या बिलाच्या पाठीवर सगळ्या औषधांची यादी करून देतो, खिशात ठेवायला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तर ती हवीच. टॅमसुलोसिनने बुबुळाचा पडदा ढिला पडतो, आणि औषध सोडून बरेच दिवस झाले तरी डोळ्याच्या डॉक्टरांना आधी कळायला हवं. नाना गेल्या हिवाळ्यात ऑपरेशनला गेले तेव्हा त्यांनी टेबलावर तोच कागद ठेवला. सगळ्यांत वर त्यांनी स्वतःच्या हाताने सर्दीच्या गोळीचं नाव लिहिलं होतं आणि त्यावर लाल पेनाने भलीमोठी फुली मारली होती.