पाळी लांबते, मान काळवंडते: पीसीओएस आणि इन्सुलिन रोजच्या दिनक्रमात कसं सांभाळायचं

सोनोग्राफीच्या कागदावर ‘गाठी’ असं वाचलं की घरात रडारड सुरू होते. त्या गाठी नसतात. अंडाशयात दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात आणि त्यातलं एक पूर्ण पिकून बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) ती अर्धवट वाढून थांबतात आणि सोनोग्राफीत काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. त्यांचा कॅन्सर होत नाही, त्या काढून टाकायच्याही नसतात. लक्ष द्यायचं ते इन्सुलिनकडे, आणि सोलापुरातल्या बहुतेक मुलींना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आपण जेवलो की रक्तातली साखर स्नायूंच्या आत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. स्नायू त्याचं ऐकेनासे झाले, म्हणजे इन्सुलिनला अडथळा आला, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. स्नायू दाद देत नसले तरी अंडाशय मात्र त्या वाढलेल्या इन्सुलिनला दाद देतं आणि पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतं. शिवाय ही संप्रेरकं बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत तयार करतं, ते इन्सुलिनमुळे कमी होतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवर राठ केस, पुरळ, डोक्यावरचे केस विरळ होणं, बीज बाहेर न पडणं आणि पाळी लांबणं, हे सगळं इथून सुरू होतं. बारीक मुलींनाही हे होतं, त्यामुळे ‘तू तर काडीसारखी आहेस, तुला कसला पीसीओएस’ असं म्हणून तपासणी टाळू नका.

मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती इन्सुलिन वाढल्याची खूण आहे, मळ नाही. लिंबू, बेसन, वजरी लावून घासत बसलं की कातडी सोलते आणि आणखी काळी पडते. इन्सुलिन उतरलं की ती हळूहळू उजळते, त्याला काही महिने लागतात.

निदानाला 2003 पासून तीन गोष्टी पाहतात: पाळी अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफी. तीनपैकी दोन हव्यात, आणि थायरॉइड व प्रोलॅक्टिन तपासून दुसरी कारणं बाजूला काढावी लागतात. पहिली पाळी येऊन 8 वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून निदान करायचं नाही, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही असे ठिपके दिसतात. केस काही महिन्यांतच भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर थांबू नका. तो पीसीओएसचा संथ प्रकार नाही, लगेच डॉक्टर गाठा.

साखरेची खरी तपासणी

‘फास्टिंग इन्सुलिन’ची महागडी चाचणी करायची गरज नसते. तिचे आकडे लॅबप्रमाणे बदलतात आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत. उपयोगी पडते ती 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, भाकरी-भात बंद करून जाऊ नका. रात्रभर 8 ते 10 तास फक्त पाणी. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग साधारण 300 मिली पाण्यात कालवलेलं ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायचं, आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळेत लॅबमध्येच बसा. नवी पेठेत चक्कर मारून आलात तर आकडा खोटा उतरतो. उलटी झाली तर चाचणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

इथे हमखास घोळ होतो. ‘घरी जाऊन जेवून या’ असं सांगून घेतलेली तपासणी म्हणजे ही चाचणी नव्हे. उपाशीपोटीचा आकडा 100 ते 125 किंवा दोन तासांनंतरचा 140 ते 199 आला तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी. उपाशीपोटीचा 126 किंवा त्याहून जास्त, किंवा दोन तासांनंतरचा 200 किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह. अनेकींची उपाशीपोटीची साखर 90 असते आणि दोन तासांनंतरची 160, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका. एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) करणार असाल तर सोबत हिमोग्लोबिन बघा. लोह कमी असलं की एचबीए1सी उगाच वाढलेलं दिसू शकतं. ग्लुकोजची चाचणी दर एक ते तीन वर्षांनी करायची, आणि मूल हवं असेल तर त्याआधी एकदा.

घरी टेपने कंबर मोजा. परकराची नाडी बांधतो तिथे नाही, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून. आपल्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही रेषा. वजनकाट्यापेक्षा ही मोजणी जास्त सांगते.

ताट

ज्वारीने साखर वाढत नाही, हा समज सोडा. मालदांडी ज्वारीची भाकरी जरूर खा, पण 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 40 ग्रॅमच्या पुढे कर्बोदकं असतात. कडक भाकरी तर पापडासारखी हलकी लागते म्हणून तीन-चार कधी संपतात ते कळत नाही. एकदा पीठ काट्यावर मोजून बघा, आपली भाकरी किती ग्रॅमची ते कळेल.

एका जेवणाला एक भाकरी किंवा एक वाटी शिजलेला भात, दोन्ही नको. ज्या घरात भातच मुख्य असतो, तिथे भात राहू द्या, वाटी मात्र मोजून. ताटाचं अर्धं अंबाडी, मेथी, दोडका, घेवडा अशा भाजीचं. भाकरी-भात सोडून उरलेल्या पाव भागात हुलगे, मटकी, झुणका, अंडी किंवा मासे-चिकन. आधी भाजी आणि उसळ खा, भाकरी नंतर. जेवणानंतरची साखर कमी चढते. प्रथिनं वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम धरा. एका अंड्यात 6 ग्रॅम आणि 30 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत साधारण 7 ग्रॅम मिळतात, म्हणजे शाकाहारी घरात दोन्ही वेळा उसळ-वरण हवंच.

शेंगाची चटणी बंद करायचं कारण नाही, दोन चमचे पुरे. सकाळी नुसते पोहे खाण्यापेक्षा ज्वारी-बेसनाचं धपाटं आणि दही बरं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत शेंगापोळी खायची असेल तर भाकरीच्या जागी खा, भाकरीवर नको. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्याऐवजी थोडी वरई, दाण्याची आमटी आणि ताक.

सगळ्यात जास्त साखर जाते ती चहातून. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे 50 ग्रॅम साखर. गूळ घातला तरी शरीराला फारसा फरक पडत नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्यात जीभ सरावते. मे महिन्यात रसवंतीऐवजी ताक किंवा साधं पाणी प्या.

आणि मिसरी. आपल्याकडे आई, आजी, मुलगी एकाच डबीतून लावतात. निकोटीनमुळे इन्सुलिनचा अडथळा वाढतो, म्हणून ती सुटेपर्यंत बाकीच्या मेहनतीला पूर्ण फळ येत नाही. डॉक्टरांपासून ती लपवू नका.

अंग हलवणं

आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो, म्हणून चालणं हे इथे औषधच आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालायचं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. वजन उतरवायचं असेल तर 250. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सिद्धेश्वर तलावाच्या काठाने, किंवा रात्री गच्चीवर. एवढा वेळ जमत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर 10 ते 15 मिनिटं घरातच चाला.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा: खुर्चीवरून हात न टेकता उठबस 12 वेळा, भिंतीला हात लावून दंड 12 वेळा, पाण्याचे पाच लिटरचे कॅन दोन्ही हातांत घेऊन चालणं, आणि हे सगळं तीनदा. विड्या वळायला मांडीवर सूप घेऊन किंवा शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठायचं. घरकाम खूप होतं हे खरंच, पण बसून केलेलं काम स्नायूंना पुरत नाही.

वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. 70 किलोच्या बाईला हे साडेतीन किलो, आणि त्याला सहा महिने द्या. उपाशी राहून महिन्यात उतरवलेलं वजन परत येतं.

गोळ्या

मेटफॉर्मिन डॉक्टर बहुधा रात्रीच्या जेवणासोबत 500 मिलिग्रॅमने सुरू करतात आणि एक-दोन आठवड्यांनी वाढवतात. पहिल्यांदा मळमळ आणि जुलाब होतात, तिथेच अनेकजणी सोडून देतात. ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका, त्रास टिकला तर हळू विरघळणारी गोळी मागा. त्या गोळीचं रिकामं कवच शौचात दिसलं तर घाबरू नका, औषध अंगात गेलेलं असतं. उलट्या-जुलाब होऊन पाणी कमी झालं तर ती तात्पुरती थांबवून डॉक्टरांना कळवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे लक्षात ठेवायलाच हवं. जास्त दिवस घेतली तर बी12 कमी होतं, शाकाहारी बायकांनी ते वर्षातून एकदा तपासावं.

गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी नियमित होते, पुरळ आणि केस कमी होतात, पण इन्सुलिनचा मूळ अडथळा जात नाही. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं, पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा रक्तदाब जास्त आहे, तर हे आधी सांगा. चेहऱ्यावरच्या केसांचा फरक सहा महिन्यांच्या आत दिसत नाही, तोवर थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग बिनधास्त करा, केस जाड होत नाहीत.

पाळी 90 दिवस आली नाही तर वाट बघू नका. बीज सुटत नाही तोवर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आधी गर्भचाचणी करा. ती निगेटिव्ह असेल तर डॉक्टर साधारण 10 ते 14 दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात, त्या संपल्यावर आठवड्याभरात पाळी येते. मेडिकलमधून मनानेच ‘पाळीची गोळी’ आणू नका.

‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’ हे ऐकून तीन-चार वर्षं वाया घालवणाऱ्या खूप आहेत. लग्नाने इन्सुलिन बदलत नाही. मूल होत नाही असंही नाही, बीज सुटायला लेट्रोझोलसारखी औषधं असतात आणि बहुतेकींना मूल होतं. उलट वजन उतरलं किंवा मेटफॉर्मिन सुरू झालं की पाळी दिसायच्या आधीच बीज सुटू शकतं. इतके दिवस पाळीच नव्हती म्हणून काळजी न घेतलेल्या जोडप्याने, मूल एवढ्यात नको असेल तर, पहिल्या दिवसापासून निरोध वापरावा.