टिकाऊ व्यवसायासाठी झाडाकडून शिकताना या चुका टाळा

छोट्या उद्योजकांचे हिशेब तपासताना माझ्या नजरेस पडते ते असे, की काटकसरीची पहिली कात्री गोदामातल्या जादा मालावर आणि बँकेत नुसत्या पडून असलेल्या पैशांवर चालते. माणूस एका मूत्रपिंडावर जगू शकतो, तरी शरीर दोन सांभाळते. ताळेबंदात मात्र दुसरे मूत्रपिंड अनुत्पादक खर्चात गेले असते. एका महिन्याची वसुली थांबली की पगारासाठी उसनवारी करावी लागत असेल, तर ही चूक तुमच्याकडे झालेली आहे.

दुसरी चूक सगळी भिस्त एकाच खुंटावर, म्हणजे कलम ज्याच्या मुळांवर वाढते त्या एकाच रोपावर, ठेवण्याची. नागपुरी संत्र्याची कलमे बहुतेक जंभेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर बांधली जातात आणि हा खुंट फायटोफ्थोरा या रोगकारकाला लवकर बळी पडतो, त्यामुळे मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) एका बागेत शिरले की शेजारची बागही निर्धास्त राहत नाही. याच कुळातल्या दुसऱ्या प्रजातीने 1845 पासून आयर्लंडमधले बटाट्याचे पीक नासवले, कारण तिथे प्रामुख्याने एकाच वाणावर लोक जगत होते. बाजारपेठेचेही तसेच असते. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले, तेव्हा तिकडच्याच गाड्यांवर विसंबलेल्या संत्रा व्यापाऱ्यांना दुसरे गिऱ्हाईक ऐनवेळी शोधावे लागले.

तिसरी चूक मला सर्वांत महागाची वाटते. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बागायतदार हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडतो, ज्याला आपण ताण देणे म्हणतो. झाडाची वाढ थांबते, साठवलेले अन्न खर्ची न पडता फांद्यांत राहते, आणि पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की खत-पाणी देऊन ताण तोडला जातो, मग फुले येतात. हलक्या जमिनीत ताण कमी दिवस पुरतो, भारी काळ्या जमिनीत जास्त लागतो. मात्र तो लांबला तर फांद्या वाळतात. व्यवसायात खर्चकपात सुरू करताना ती कधी थांबवायची, हे बहुतेक मालक ठरवतच नाहीत. (ताण तोडण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी लिहून ठेवा, असे मी सांगतो, तेव्हा ते हसतात.)

त्यातही काय कापायचे, हे चुकते. नागपूरजवळच्या पेंचच्या जंगलात साग कोरड्या ऋतूत पाने टाकतो, मुळे टाकत नाही. बुटीबोरीजवळच्या एका कारखानदाराने मंदीत शोरूमचे दिवे तसेच ठेवले आणि जुने दोन फिटर कमी केले. मागणी परतली तेव्हा यंत्रे होती, पण ती बसवून चालवणारा हात नव्हता.

शेवटची चूक दुखणे दाबण्याची. मधुमेहात पायाची संवेदना गेली की जोडा चावलेला कळत नाही आणि साधा फोड चिघळत जातो. गिऱ्हाईक नाराज असल्याचे मालकाला त्या गिऱ्हाइकाने हिशेब बंद केल्यावरच समजत असेल, तर आधी एवढेच तपासावे, की वाईट बातमी घेऊन येणाऱ्या नोकराला दुकानात पहिल्यांदा पाणी मिळते की बोलणी.