नाशकात पियानोसाठी नवीन सर-मॅडम शोधताय? मग हे वाचा

जुने सर पुण्याला शिफ्ट झाले, किंवा मॅडमनी सरळ सांगितलं की परीक्षेच्या चौथ्या ग्रेडच्या पुढचं मी शिकवत नाही, किंवा तुमचंच त्यांच्याशी जमेनासं झालंय, कारण काहीही असो, दहावी-अकरावीच्या वयात नवीन टीचर शोधायचं काम आईबाबांवर टाकून मोकळं होऊ नका. ते बिचारे क्लास घरापासून किती लांब आणि फी किती एवढंच बघणार, तिथे बसून वाजवायचं तुम्हाला आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करा. ‘पियानो क्लास’ अशी पाटी असते आणि आत कीबोर्ड शिकवतात, असं आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणजे ६१ कीजचा कीबोर्ड, उजव्या हाताने गाण्याची चाल, डाव्या हाताने तीन बोटांचा कॉर्ड, आणि ठेका मशीन देतंय. त्यात वाईट काही नाही हां, गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात तेच भाव खाऊन जातं. पण पियानो म्हणजे ८८ कीज, बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होणार, पेडल असणार, आणि पाच रेघांवरचं नोटेशन वाचत दोन्ही हात वेगवेगळं वाजवणार. म्हणून फोनवर पहिले दोनच प्रश्न विचारायचे. शिकवायला तुमच्याकडे काय आहे, खरा पियानो, वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) कीजचा डिजिटल, का साधा कीबोर्ड? आणि स्टाफ नोटेशनवरून, म्हणजे त्या पाच रेघांवरून शिकवता का वहीत सारेगम लिहून देता? निम्मं काम इथेच होतं.

आता शोधायचं कुठे. नाशिक तसं गाण्याबजावण्याचं गाव, विष्णु दिगंबर पलुस्करांनी इथे आश्रम काढला होता, त्यामुळे गाणं, तबला, हार्मोनियम शिकवणारे गल्लोगल्ली सापडतील, वेस्टर्न पियानोवाले मात्र मोजके. आणि जे चांगले आहेत ते घरीच शिकवतात, त्यांची ना पाटी ना रील, त्यामुळे गुगलवर वर दिसलेल्या दोन नावांवर थांबू नका. चर्चमध्ये विचारा. शरणपूर ही मिशनऱ्यांनी १८५४ साली वसवलेली वस्ती, तिकडे किंवा नाशिकरोडच्या बाल येशू चर्चला, रविवारची प्रार्थना संपली की वाजवणाऱ्या माणसाला गाठायचं आणि शांतपणे विचारायचं, ‘अंकल, पियानो कोण शिकवतं?’ स्वतः शिकवत नसले तरी कोण शिकवतं ते त्यांना माहीत असतं. फक्त डिसेंबरात जाऊ नका, कॅरलच्या प्रॅक्टिसमध्ये कुणाला डोकं वर काढायला वेळ नसतो. कॉन्व्हेंट शाळांतले म्युझिक टीचर आणि वाद्यांच्या दुकानातले काका हेही कामाचे, कोणाचे स्टुडंट्स डिजिटल पियानो घ्यायला येतात हे दुकानदाराला बरोबर ठाऊक असतं.

नंबर मिळाला की ‘हाय सर फीज किती’ असा मेसेज टाकू नका प्लीज. असं काहीतरी लिहा (ट्रिनिटी म्हणजे ग्रेडच्या परीक्षा घेणारं लंडनचं बोर्ड): ‘नमस्कार मॅडम, मी अकरावीत आहे, ट्रिनिटीची तिसरी ग्रेड झालीये, घरी ८८ कीजचा डिजिटल आहे, सायन्स असल्यामुळे आठवड्यातून एकच दिवस जमेल, एक ट्रायल क्लास मिळेल का?’ समोरच्याला तुमचा अंदाज येतो आणि उत्तरही नीट येतं.

ट्रायलला जाताना घरचं कोणीतरी बरोबर न्या आणि पहिल्या दिवशी त्यांना खोलीतच बसू द्या. चांगल्या टीचरला त्याचं काही वाटत नाही, आणि जिथे ‘पालकांनी बाहेर थांबा, दार लावून घेतो’ असं असेल तिथून सरळ निघायचं, कितीही मोठं नाव असलं तरी.

एक पीस चांगला बसलेला आणि एक अर्धवट, असे दोन्ही न्या. चांगला वाजवून वाहवा मिळवाल, पण टीचर कसा आहे ते अर्धवट पीसमध्ये कळतं. अडखळलात की तो काय करतो ते बघा. ‘परत वाजव, परत वाजव’ एवढंच म्हणतो, का पेन्सिल घेऊन तेवढ्याच दोन बारवर (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधला एक तुकडा म्हणजे बार) खूण करतो, डावा हात एकटा आणि निम्म्या स्पीडने वाजवायला लावतो, बोटांचे नंबर लिहितो? माझी अजून एक ट्रिक आहे, जरा आगाऊ आहे, पण चालते. एफ मेजर स्केल (ओळीने चढत जाणारे सूर) उजव्या हाताने सी मेजरच्या बोटांनी वाजवायची. अंगठा म्हणजे १ नंबर, सी मेजरला १-२-३ झाले की चौथ्या सुराला अंगठा खालून येतो, एफ मेजरला तसं केलं की अंगठा बी फ्लॅटच्या काळ्या कीवर पडतो. खरी फिंगरिंग १-२-३-४ करून मग अंगठा, म्हणजे तो पुढच्या सीवर येतो. जो टीचर तुमच्या हाताकडे बघतोय तो तिथल्या तिथे थांबवणार, आणि जो मोबाइल बघतोय तो ‘गुड, गुड’ म्हणणार!

ग्रेडचं पण बोलून घ्या. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम (तसंच दुसरं ब्रिटिश बोर्ड) दोन्ही चालतात, मधेच बोर्ड बदलता येतो, प्रत्येक ग्रेड ओळीने दिलीच पाहिजे असंही नाही. मात्र एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडपासून पुढे बसायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरीची, किंवा तिच्याऐवजी चालणारी त्यांची दुसरी परीक्षा पास लागते, ट्रिनिटीला तशी अट नाही. ज्यांना थिअरीचा कंटाळा आहे त्यांनी हे आत्ताच बघून ठेवा. आणि वर्षभर परीक्षेचे तेच तीन पीस घासून घेणारा टीचर असेल तर मार्क येतील पण नवीन कागद समोर ठेवला की हात हलणार नाही, म्हणून साइट रीडिंग, म्हणजे न बघितलेलं नोटेशन वाचत वाजवणं, दर आठवड्याला घेता का हे विचाराच.

फीबद्दल लाजू नका. महिन्याची का क्लासप्रमाणे, क्लास बुडला तर भरून मिळतो का, बोर्डाच्या परीक्षेचे दोन महिने सुट्टी घेतली तर जागा राहते का. येण्याजाण्याचाही हिशोब करा, सिडकोतून नाशिकरोडला जायचं म्हणजे सिटीलिंकच्या बसने जाऊन येईपर्यंत संध्याकाळ गेली, त्यात सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले.

इथे कोणीच पटलं नाही तर मुंबई-पुण्याचा टीचर ऑनलाइन घ्या आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जा, मुंबईचा असेल तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस आहेच. ऑनलाइनला मोबाइल समोर नको, बाजूला स्टँडवर, कोपर ते बोटं दिसतील असा. आणि झूममध्ये ओरिजिनल साउंड ऑन करा, नाहीतर पेडल दाबून धरलेला लांब सूर त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो कापून टाकतो, मग टीचर म्हणतात तू पेडल सोडतोस आणि तुम्ही म्हणता मी सोडलंच नाही.

राहिले जुने सर. नवीन ठिकाण पक्कं झालं की त्यांना स्वतः फोन करा, आईला करायला लावू नका, चालू महिन्याची फी पूर्ण द्या आणि ग्रेडच्या मार्कशीट, त्यांच्याकडे राहिलेली पुस्तकं घेऊन या. पुस्तकांवर त्यांनी लिहिलेली फिंगरिंग खोडू नका, नवीन मॅडमना त्यातूनच कळतं तुम्ही कुठपर्यंत आलात.