डबा म्हणजे बॉक्स, टिन, जार का क्रेट? इंग्रजीत कोणता शब्द कुठं लिहायचा

आपल्याकडे डबा म्हटलं की काम भागतं. पिठाचा डबा, शाळेचा डबा, रेल्वेचा डबा, सगळं त्यातच आलं. इंग्रजीत तसं नाही राजेहो, आणि शब्द चुकला की पैसाही जातो. माझ्या मावसभावानं बाहेरच्या राज्यातल्या एका व्यापाऱ्याला संत्र्याचा मेसेज टाकला, 200 बॉक्स रेडी. त्यानं धरले पुठ्ठ्याचे 10 किलोवाले, आमच्याकडे होते प्लास्टिकचे क्रेट, एकेकात 20 किलो माल. गाडी आली ती अर्ध्याच मालाची, बाकीचा तोडलेला संत्रा दोन दिवस झाडाखाली पडून होता, आणि भाऊ आपला म्हणते, "अबे पण डब्बेच तं सांगतले होते नं मी!"

म्हणून हे नीट सांगतो.

क्रेट म्हणजे फटी-भोकांचा, हवा खेळणारा, वरून उघडा, रचून गाडीत भरायचा. फळं, टमाटर, कोल्ड्रिंकच्या बाटल्या त्यात जातात. कार्टन पुठ्ठ्याचा, दुधा-ज्यूसचा लहानही असतो आणि आपल्या बाजारात मोठ्या खोक्यालाही कार्टनच म्हणतात. केस म्हणजे वस्तूच्या मापाचा, तिला जपणारा, जसा चष्म्याचा. वाइनची एक केस म्हटली तर मात्र 12 बाटल्या. यातलं काहीच बसत नसेल आणि झाकणवाला चौकोनी असेल तर बॉक्स लिहा.

बाटली-बरणीत आधी तोंड बघायचं. गळा अरुंद तर बॉटल, तोंड मोठं, हात किंवा चमचा जाईल असं, तर जार. आईची लोणच्याची बरणी जार, फवारणीच्या औषधाची शिशी बॉटल. लग्नात थंड पाण्याची नळवाली असते तिला आपण सगळे कॅन म्हणतो, पण बाहेरच्या माणसाला कॅन ऐकलं की कोल्ड्रिंकचा पत्र्याचा डबा दिसतो, त्याला वॉटर जग लिहा. तेलाचा 15 किलोचा पिपा म्हणजे टिन. सीलबंद खाण्याच्या डब्याला ब्रिटिश लोक टिन म्हणतात आणि अमेरिकन कॅन, कोल्ड्रिंकला दोघंही कॅनच.

ड्रम आणि बॅरल यात पोरं फार गोंधळतात. औषध कालवायला आपण जो निळा 200 लिटरचा ठेवतो तो सरळसोट, तो ड्रम. मधात पोट सुटलेला, मूळचा लाकडी पट्ट्यांचा, तो बॅरल. बातम्यांतलं कच्च्या तेलाचं बॅरल तर मापच आहे, 42 अमेरिकन गॅलन, म्हणजे 159 लिटरच्या आसपास, त्याला आपल्या ड्रमचे 200 लिटर लावून गुणाकार करू नका.

सोयाबीनचं पोतं, कट्टा म्हणजे सॅक, बॅग म्हटलं तरी चालतं. युरियाची 45 किलोची बॅगच. बीटी कपाशीच्या बियाण्याचं 475 ग्रामचं पॅकेट. दुधाची मऊ पिशवी पाऊच, शाम्पूची एकावेळची पुडी सॅशे (शेवटचा टी बोलायचा नाही). आणि कापसाची गठाण हे भांडं नव्हेच, ती बांधून दाबलेली, तिला बेल म्हणतात, 170 किलोची.

आता खरी चूक होते ती शब्दांच्या क्रमात, परीक्षेत आणि दुकानातही. 'वॉटर बॉटल' म्हणजे पाणी भरायची बाटली, रिकामीही असेल. 'अ बॉटल ऑफ वॉटर' म्हणजे पाणी भरलेली बाटली. तहान लागली असेल तर दुसरं मागायचं. तसंच 'मॅचबॉक्स' ही नुसती डबी आणि 'अ बॉक्स ऑफ मॅचेस' म्हणजे काड्यांसकट. घरी शिकवताना मी पोरांपुढं एक रिकामा गडवा आणि एक पाण्यानं भरलेला गडवा ठेवतो आणि दोन्हीचं नाव इंग्रजीत विचारतो, दोन मिनिटात डोक्यात बसतं, वहीत दहादा लिहून बसत नाही.

अजून एक, 'आय वॉश्ड द व्हेसल्स' आपल्या देशात सगळे बोलतात आणि कळतंही. पण बाहेर व्हेसल म्हटलं की आधी जहाज आठवतं नाहीतर रक्ताची नस, तिथं डिशेस म्हणा. स्वयंपाकाचा गंज पॉट, पाण्याचा गुंड वॉटर पॉट.

काहीच सुचलं नाही तर कंटेनर चालतो, पण मालाच्या सौद्यात नको, कारण व्यापाऱ्याच्या डोळ्यापुढं लगेच बंदरावरचा 20 नाहीतर 40 फुटी कंटेनर येतो. सौद्यात शब्दासोबत वजन लिहाच. भाऊ आता असा मेसेज टाकतो: 'ऑरेंजेस, 200 प्लास्टिक क्रेट्स, 20 केजी ईच', आणि खाली भरलेल्या क्रेटचा काट्यावरचा फोटो.