नाताळच्या जेवणाची तयारी बावीस तारखेपासून

गोव्यातील ख्रिस्ती घरांत चोवीसच्या मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधील प्रार्थना) आटोपून आल्यावर, अपुऱ्या झोपेत पंचवीसच्या दुपारचा सगळा स्वयंपाक रांधायला घेतला, तर दगदग अटळ असते. वास्तविक त्याची गरज नाही, कारण या जेवणातील मुख्य पदार्थ सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा, हा ताजा असताना फारसा चांगला लागतच नाही. व्हिनेगर आणि मसाला मांसात मुरायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून तो बावीसलाच करावा.

आठ माणसांसाठी चरबीसह दीड किलो डुकराचे मांस आणि पाव किलो काळीज पुरते. मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून पूर्ण गार होऊ द्यावेत आणि मगच वाटाण्याहून थोडे मोठे चिरावेत, कारण कोमट मांस सुरीखाली घसरते. वेळ खाणारे काम एवढेच. तेव्हा घरातील सर्वांना पाट-सुरी देऊन बसवावे. हे तुकडे त्यांच्याच चरबीत परतावेत. वीसेक काश्मिरी मिरच्या, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग, आले व भरपूर लसूण माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून तो मसाला कांद्याबरोबर परतावा, त्यात मांस आणि ते ज्यात उकडले ते पाणी घालून मंद आचेवर तासभर शिजवावे. भांडे स्टीलचे किंवा मातीचे असावे. ॲल्युमिनियम आंबटाला चालत नाही. फ्रीज नव्हता तेव्हा रोज एकदा उकळी आणत. आता गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे आणि वाढण्यापूर्वी खळखळून उकळावे.

सान्नां, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या इडलीसारख्या वड्या, चोवीसच्या दुपारी करून ठेवावीत. पीठ फुगवायला पूर्वी माडाची सूर (माडी) वापरत. ती मिळाली नाही तर यीस्ट चालते. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे वाफ दिली की ती पुन्हा मऊ होतात, मात्र झाकणाचे पाणी त्यांवर पडू नये म्हणून वर फडके घालावे.

बेबिंका, म्हणजे थराथरांचा गोड केक, विकत आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा एकेक थर वरच्या आचेवर भाजून झाल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही, त्यामुळे करणारीला चुलीपासून हलता येत नाही. नेवऱ्या (करंज्या) आणि दोदोल (नारळाच्या रसाची व गुळाची मिठाई) आठवडाभर आधीच डब्यात भरलेले असतात.

पंचवीसला उरतो तो भात, कोशिंबीर आणि वाफ देणे.