लेकराची जखम घरी सांभाळताना

टाके घालून, पट्टी बांधून लेकरू दवाखान्यातून घरी आलं की अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं पुढच्या दहा-पंधरा दिवसांत घरच्या ओसरीवर होतं, आणि जखम बिघडते ती बहुतेक याच काळात. औषध कमी पडलं म्हणून जखम बिघडणं क्वचितच. नको ते लावलं, हात न धुता पट्टी सोडली, ओली पट्टी तशीच राहू दिली, हीच कारणं वारंवार दिसतात. म्हणून काय लावायचं यापेक्षा काय लावायचं नाही, ते आधी.

शेण, माती आणि राख अजिबात नको. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू वर्षानुवर्षं टिकून राहतात. जखमेत आत, जिथं हवा पोचत नाही, तिथं ते वाढतात. तंबाखू, चुना, टूथपेस्ट, चहापावडर यांनी रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण त्यांचे कण आत अडकतात आणि जखम चिघळते. हळदीबद्दल आजीशी वाद घालायची गरज नाही, हळद दुधातून पाजा. जखमेत भरली तर पूड खाली साचते आणि सगळं पिवळं दिसतं, मग पू झाला की नाही हे दोन दिवस कळत नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी न मिसळलेलं डेटॉल उघड्या जखमेत ओतू नका. जंतूंसोबत नवीन येणारी कातडीही त्यानं मरते, आणि एकदा तसं झोंबलं की लेकरू पुढच्या ड्रेसिंगला हातही लावू देत नाही.

आपल्याकडे घरात कापूस असतोच, म्हणून त्याबद्दल वेगळं सांगायला हवं. वेचून आणलेला किंवा उशीतला कापूस जखमेवर ठेवू नका. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी किंवा रक्त शोषत नाही. औषधाच्या दुकानातला कापूस धुऊन, तो थर काढून तयार केलेला असतो, म्हणून तो शोषतो. पण तोही थेट जखमेवर नको, कारण त्याचे धागे खपलीत गुंततात आणि पट्टी काढताना नवीन कातडी सोलून निघते. जखमेला टेकणारी वस्तू नेहमी गॉज, म्हणजे जाळीदार पट्टी. निर्जंतुक गॉजचं बंद पाकीट कुठल्याही मेडिकलवर मिळतं. ते नसलंच तर जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा मऊ तुकडा साबणानं धुवा, 10 मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा आणि दोन्ही बाजूंनी इस्त्री करून स्वच्छ डब्यात ठेवा.

‘हवा लागू द्या, लवकर सुकेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. उघडी जखम सुकते खरी, पण भरून उशिरा येते. कातडीच्या पेशी कडेकडून ओलसर पृष्ठभागावर सरकत येतात. वर जाड खपली धरली की त्यांना खालून वाट काढावी लागते. झाकलेली, जराशी ओलसर जखम लवकर भरते हे 1962 सालीच प्रयोगानं दाखवलं गेलं. शिवाय पावसाळ्यात गोठ्याजवळच्या घरात उघड्या जखमेवर माशी बसतेच, आणि तिनं अंडी घातली तर जखमेत किडे पडतात. म्हणून खरचटलेल्या साध्या जखमेवर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा आणि वर गॉज ठेवायचं. डॉक्टरांनी मलम दिलं असेल तर तेच, तेही पातळ. जाड थरानं भोवतीची चांगली कातडी पांढरी पडून नरम होते.

धुण्याचं पाणी

अर्धा लिटर पिण्याच्या पाण्यात पाऊण चमचा बारीक मीठ घाला. चमचा 5 मिलीचा आणि सपाट हवा. माप सोपं आहे: सिरपच्या बाटलीच्या टोपणावर 5 मिलीची रेघ असते, तिच्या जरा खाली. खळखळ उकळी आल्यावर 5 मिनिटं उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून थंड करा. त्यात हात किंवा वाटी बुडवायची नाही, ओतून घ्यायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं किंवा विहिरीचं पाणी मुळातच खारं असतं. त्यात आणखी मीठ घातलं तर जखम भगभगते. तिथं पिण्यासाठी आणलेलं गोडं पाणीच वापरा. मीठ नसलं तरी अडत नाही, उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी चालतं.

पट्टी बदलताना

वेळ सकाळची ठेवा. संध्याकाळी लाईन जाते आणि असली तर दिव्याभोवती किडे जमतात. स्वच्छ धुतलेल्या ताटात आधी सगळं मांडा: दोन-तीन गॉज, मिठाचं पाणी, सुई काढलेली 10 किंवा 20 मिलीची नवी सिरिंज, मलम, चिकटपट्टीचे आधीच कापलेले तुकडे आणि घाण टाकायला पिशवी. बांगड्या वर सरकवा, अंगठी काढा, साबणानं नखांखालीही हात धुवा आणि ते हवेत वाळू द्या. पदराला पुसले की धुणं वाया गेलं.

जुनी पट्टी सुटत नसेल तर ओढायची नाही. तिच्यावर मिठाचं पाणी सोडा आणि 5 ते 10 मिनिटं थांबा. या दहा मिनिटांचा कंटाळा केला तर चार दिवसांत आलेली कातडी पट्टीसोबत निघते. पट्टी निघाली की पुन्हा हात धुवा. सिरिंजनं पाणी मधून बाहेरच्या कडेकडे सोडा. मळ बाहेरून आत यायला नको. घासायचं नाही, वाळलेली लस, म्हणजे जखमेतून पाझरलेलं पाणी, भिजवूनच काढायची. भोवतीची कातडी टिपून कोरडी करा, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही. हातापायाला पट्टी गुंडाळताना बोटांकडून वर, धडाकडे जा. चिकटपट्टी बोटाभोवती पूर्ण गोल फिरवू नका, सूज आली तर ती फास होते. शेवटी नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. झालं नाही, बोट गार लागलं किंवा लेकरू मुंग्या येतात म्हणालं, तर पट्टी लगेच सैल करा.

पट्टी साधारण दिवसातून एकदा बदला. ओली झाली, घामानं चिंब झाली किंवा मळली की तेव्हाच. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हाळ्यात हे दोनदाही करावं लागतं. लेकराला ‘काहीच होणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘थोडं गार लागेल, मग थोडं झोंबेल’ असं सांगा आणि चिकटपट्टीचे तुकडे धरायचं काम त्याच्याकडेच द्या. लहानगं पट्टी ओढत असेल तर हातापायावर वरून मोजा चढवा.

दुखण्यासाठी ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल देता येतं. मात्रा वजनावर ठरते: किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 6 तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. वजन अंगणवाडीत करून घ्या, अंदाज नको. 12 किलोच्या लेकराला 180 मिलिग्रॅम लागतं. 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर 7.5 मिली, आणि 5 मिलीत 250 मिलिग्रॅमचं असेल तर साडेतीन मिली. लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये बहुधा 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं. ते सिरपच्या मापानं पाजलं तर मात्रा कितीतरी पट होते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा किंवा निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं दुसरं औषध लेकराला द्यायचं नाही.

जखम वाचायला शिका

पहिले दोन-तीन दिवस कडेला थोडी लाली, सूज आणि पातळ, पाणचट पिवळसर लस येणं ठीक आहे. नंतर तळाशी लालबुंद, दाणेदार मांस दिसू लागतं. ते बघून पुष्कळ आया घाबरतात, पण जखम भरत असल्याची ती खूण आहे. दाट, हिरवट-पिवळा, वास येणारा स्राव म्हणजे पू. लालीबद्दल शंका असेल तर तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि वेळ लिहून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, जखमेपासून वर लाल रेघ चढली, 100.4 फॅरेनहाइटच्या वर ताप आला, टाक्यांची कड उसवली किंवा लेकरू मलूल होऊन पाणीही घेईना, तरीही थांबायचं नाही. तोंड उघडेना, दातखीळ बसल्यासारखं वाटलं तर 108 ला फोन करा.

लेकराला सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार असेल तर नुसता तापही पुरेसा आहे, त्याच दिवशी दवाखाना. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली भागात असे रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांच्या अंगात जंतुसंसर्ग फार झपाट्यानं पसरतो. सिकलसेलचं कार्ड सोबत न्या आणि वाटेत पाणी पाजत राहा. कुत्र्या-माकडाच्या चाव्याचा हिशोबच वेगळा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, जखम कितीही बारीक असो.

धनुर्वाताच्या लसीसाठी कार्ड काढून बघा. दीड-दोन वर्षांचा आणि 5-6 वर्षांचा बूस्टर, मग 10 आणि 16 वर्षांची लस. विळ्याची, काट्याची, गंजक्या खिळ्याची मळकी जखम असेल आणि शेवटच्या डोसाला 5 वर्षं उलटली असतील, किंवा डोस राहिले असतील, तर नर्सबाईंना लगेच सांगा.

टाके साधारण चेहऱ्यावरचे पाचव्या दिवशी, डोक्याचे 7 ते 10 दिवसांनी, हातापायाचे 10 ते 14 दिवसांनी निघतात. घरी ब्लेडनं कापू नका. पहिले दोन दिवस टाके कोरडे ठेवा, मग डॉक्टरांनी सांगितल्यावर झटपट आंघोळ चालते. तळ्यात, नाल्यात डुंबणं टाके निघेपर्यंत बंद. पावसात शाळेत जाताना पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधा, पण पोचल्याबरोबर ती सोडायला सांगा, आत घाम साचतो. टाके निघाले म्हणजे कातडी पूर्वीसारखी घट्ट झाली असं नाही. गुडघ्यावरची जखम असेल तर पुढचे दोन आठवडे कबड्डी, सायकल आणि झाडावर चढणं नको.

वांगं, दही, आंबट, अंडं बंद करण्याची पद्धत मोडा. जखमेला पू धरतो तो जंतूंनी. खाणं तोडलेल्या लेकराची जखम उलट रेंगाळते, कारण नवीन मांस प्रथिनांतूनच बनतं. रोज दोन वेळा घट्ट वरण, एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ, आणि पेरू, संत्रं, आवळा यांपैकी जे हाताशी असेल ते द्या.

जखम पूर्ण मिटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी वणावर खोबरेल तेलानं दिवसातून दोनदा पाच मिनिटं, जरा दाबून मालिश करा. खाज सुटेल, नखं बारीक कापून ठेवा. उन्हात तो भाग कापडानं झाका, नाहीतर काळा डाग राहतो. वण वर्षभर बदलत असतो, सुरुवातीला लाल आणि टणक, मग हळूहळू फिका आणि मऊ. तो जखमेच्या मूळ कडेबाहेर वाढत गेला, किंवा सांध्यावरचा वण ओढला जाऊन बोट, कोपर सरळ होईना, तर वर्ष संपायची वाट न बघता ग्रामीण रुग्णालयात दाखवा.