विंडोलँडाला खणायला येणाऱ्या मराठी मुलामुलींना

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला येऊन मला १४ वर्षं झाली. दर उन्हाळ्यात आपल्याकडची एक-दोन मुलं विंडोलँडाच्या रोमन किल्ल्यावर खणायला येतात आणि मी अडखळले तिथेच अडखळतात, म्हणून हे लिहितेय.

व्हिसाचं आधी बघा. इथल्या नियमांत ‘व्हॉलंटिअरिंग’ वेगळं आणि ‘व्हॉलंटरी वर्क’ वेगळं. दुसरं तुमच्या स्टुडंट व्हिसावरच्या आठवड्याच्या २० कामाच्या तासांत धरलं जातं. युनिव्हर्सिटीकडून लेखी उत्तर घ्या, सीनियरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. जागा पैसे भरून आधी बुक कराव्या लागतात आणि पटकन संपतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या.

आपल्याकडे उत्खननावर गावातले मजूर घमेली उचलतात, विद्यार्थी वही घेऊन उभा असतो. इथे मातीची ढकलगाडी प्रत्येकजण ढकलतो, सत्तरीतल्या आजीसुद्धा. हात बांधून उभे राहिलात तर कुणी बोलणार नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहील.

दुसरा फरक पद्धतीचा. आपण पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या पद्धतीच्या चौकोनी खड्ड्यांत शिकतो. मध्ये बांध राहतो आणि त्याच्या उभ्या कापात थर वाचता येतात. इथे बहुतेक ठिकाणी मोठा भाग सलग उघडतात. मातीचा प्रत्येक थर, प्रत्येक खड्डा, प्रत्येक भराव म्हणजे एक ‘कॉन्टेक्स्ट’, आणि प्रत्येकाला स्वतःचा नंबर. बांधाचा आधार नसतो, म्हणून मातीचा रंग बदलला की थांबायचं आणि हाक मारायची.

मी थांबले नव्हते. माझ्या पहिल्या खणकामावर, दुसऱ्याच एका साइटवर, तपकिरी मातीत काळपट गोल डाग दिसला. विचारलं तर अडाणी वाटेन, या भीतीने मी ट्रॉवेल (खणायची छोटी थापी) चालवत राहिले. तो जुना खड्डा होता. दोन कॉन्टेक्स्टची खापरं एकाच ट्रेमध्ये गेली आणि त्यांत कुंभाराचा शिक्का असलेलं लाल चकचकीत ‘सेमियन’ या रोमन भांड्याचं खापर होतं. त्या शिक्क्यावरून खड्ड्याचा काळ ठरला असता. संध्याकाळी पूर्ण ट्रेवर ‘अनस्ट्रॅटिफाइड’, म्हणजे कुठल्या थरातलं ते माहीत नाही, असं लिहिलं गेलं. ते खापर आजही डोळ्यांसमोर येतं.

विंडोलँडाला तर एकावर एक नऊ किल्ले आहेत. पहिले काही जवळच्या हेड्रियनच्या भिंतीच्याही आधीचे, आणि ती रोमन भिंत इ.स. १२२ मध्ये बांधायला सुरुवात झाली. खालच्या ओल्या, हवाबंद काळ्या थरात लाकूड आणि चामडं टिकतं. १९७३ मध्ये तिथेच शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पाट्या सापडल्या, त्याही सुरुवातीला नुसत्या ढलप्यांसारख्या दिसत होत्या. पुढे तिथे सापडलेल्या अशाच एका पाटीवर क्लॉडिया सेव्हेरा या रोमन अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला वाढदिवसाचं आमंत्रण धाडलंय. तेव्हा ढलपी दिसली की पुसू नका, उचलू नका, हाक मारा. दहा वेळा विचारलंत तरी इथे कुणी वैतागत नाही. आपली मुलं मात्र विचारायला लाजतात आणि चहाच्या सुट्टीत आपापसात मराठी बोलत बाजूला बसतात. तसं करू नका. निम्मं शिक्षण त्या चहावर होतं.

स्टीलच्या टोकाचे बूट, गुडघ्यांचे पॅड आणि डब्ल्यूएचएस कंपनीचं चार इंची ट्रॉवेल स्वतःचं आणा. पावसाळी पँट जुलैतही लागते. जवळच्या बार्डन मिल स्टेशनपासून वर चढ आहे. डबा घरूनच भरून घ्या.